बाळाराम काकांनी आणलेल्या सात निवट्या

काकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण 'सेप्टिसीमिया' आहे. माझं नाव कुठेच नाही.

आज वर्ष झालं. आता लिहिते.

कोपरला आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, ती बाळाराम काकांची. शेती गेली, बिल्डर आला, आणि काका-काकू तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. मी तिसऱ्या मजल्यावर. ज्युनिअर कॉलेजमध्ये बायोलॉजी शिकवते.

आमचं भांडण एकच. रोज संध्याकाळी, गेटजवळच्या बाकावर.

मी म्हणायचे, सगळे जीव एकाच मुळातून हळूहळू बदलत आले. काका म्हणायचे, एकवीरा आईनं एकेकाला वेगळं घडवलं. हातानं.

एकदा मी त्यांना मोबाईलवर निवटीचा व्हिडिओ दाखवला. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा. पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून चालतो, पाण्याबाहेरही श्वास घेतो.

म्हटलं, "काका, ही काही आपली पणजी नाही. पण मासे जमिनीवर कसे आले असतील, ते हिच्याकडे बघून कळतं."

"निवटी मना दाखवतेस?" काका हसले. "माझ्या आज्यानं धरली तीच, मी धरली तीच. कवा बदलली?"

"तीन पिढ्या म्हणजे काहीच नाही हो. लाखो वर्षं लागतात."

"आन तू किती दिवस बघितलंस गो?"

मी खरी निवटी एकदाही बघितलेली नव्हती. खाडी घरापासून चालत वीस मिनिटं.

मला राग आला. तो मी वर्गात काढला.

इव्होल्यूशनच्या लेक्चरला मी काकांची नक्कल केली. त्यांच्या बोलीत, हातवारे करून. पोरं लोळायची बाकी राहिली. कुणीतरी क्लिप काढली आणि ती फिरत फिरत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली.

मी ॲडमिनला सांगून डिलीट करायला लावली. तोवर सगळ्यांनी बघितलेली.

 त्यानंतर दोन दिवस काका बाकावर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, बेल वाजली. दारात काका. गुडघ्यापर्यंत चिखल. हातात रंगाची जुनी बादली, तिच्यात खाडीचं पाणी आणि सात निवट्या.

वय एकाहत्तर. पंधरा वर्षं खाडीत उतरले नव्हते.

"घे. खऱ्या बघ."

मग जरा थांबून, "पोरा लय हसली ना गो?"

माझ्या तोंडून सॉरी निघालंच नाही. मी बादलीवर वाकले.

काका एकेक निवटी तळहातावर घेऊन दाखवत होते. "ही मोठी, निल्या ठिपक्यांची, खालच्या पातल चिखलातली. ही बारकी वरची, तिवरांच्या बुडाशी रवते. हिची जागा ती घेनार नाय. दात बग दोघींचे, येगले. आईनं ज्याला त्याला घर दिलाय."

 मीही नेमकं हेच म्हणत होते. जागा वेगळी, खाणं वेगळं, म्हणून दात वेगळे. मी पुस्तकात वाचलेलं, त्यांनी पन्नास वर्षं डोळ्यांनी बघून ठेवलेलं.

एकाच बादलीत बघून आम्ही दोघंही म्हणत होतो, बघ, आता तरी पटलं ना?

तेव्हाच मला फरशीवर लाल डाग दिसला.

"काका, पायाला काय लागलं?"

"कालवाची शिंप. काय नाय गो."

काकांना डायबेटिस. खाडीत गटारं सुटलेली. अशा पायाला अशा पाण्यात जखम झाली तर काय होतं, हे आख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात चांगलं मला माहीत होतं.

मी मोबाईल काढला आणि निवट्यांचे फोटो घेत बसले.

दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजात नेल्या. फॉर्मेलिन, बरणी, लेबल.

आठव्या दिवशी काकांना ताप आला. तोवर ते घरात मोजे घालून फिरत होते, काकूंना पत्ताच नव्हता. दहाव्या दिवशी पाय काळा पडला. घोट्याच्या वरून कापला, तरी विष अंगभर गेलेलं.

आयसीयूतून निरोप आला, तुम्हाला बोलावतायत.

आवाज अगदी खोल गेलेला. "निवट्या परत सोडल्यास ना गो?"

"हो काका. त्याच दिवशी."

"वरच्या वर, खालच्या खाली?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

बरणी अजून लॅबमध्ये आहे. निवटीचे डोळे डोक्यावर असतात, वर आलेले. फॉर्मेलिनमध्ये ते पांढरे झालेत. मी त्या कपाटाकडे पाठ करून शिकवते, तरी ते बघतायत हे मानेला कळतं.

आणि शिकवते अजून तेच. उत्क्रांती. माझं मत बदललेलं नाही, पुरावेही तेच आहेत. पण एखादी मुलगी उठून "मॅडम, पण देवानं..." म्हणाली, की आता तिला वाक्य पूर्ण करू देते. कुणी हसलं तर चालत नाही मला.

गेल्या आठवड्यात काकूंना सगळं सांगितलं. क्लिप, बरणी, आयसीयूतलं खोटं. सगळं.

काकू मेथी निवडत होत्या. शेवटी एकच विचारलं.

"पाय बघितलेलास तू?"

"हो."

मेथीच्या आणखी चार काड्या खुडल्या.

"मना नाय सांगितला त्यांनी. तुला सांगितला."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

मी उठले. दारापर्यंत पोचले तर मागून आवाज आला, "सोमवारी वर्षश्राद्ध हाय. जेवायला ये."

आज सोमवार. खाली माणसं जमतायत. जिन्यातून वड्यांचा वास येतोय. चपला घालून मी तासभर दाराच्या आतच उभी आहे, आणि उभ्या उभ्याच हे टाईप करतेय.

काका, माफी मागायची राहिली होती. सगळ्यांसमोर हसं केलं, म्हणून हे इथे टाकून सगळ्यांसमोर मागते.

जाते आता खाली, काकूंच्या मदतीला.

बाळाराम काका, शेवटचा नमस्कार.