भिंतीलाच मुख्य पडदा
तापलेल्या प्रोजेक्टरचा धुरकट वास आला की मला शिवाजी पेठेतल्या तालमीचा हॉल आठवतो. घरकाम करणाऱ्या बायकांवर आमच्या संघटनेने फिल्म केली होती, आणि राजारामपुरीतली कामं लवकर उरकून त्याच बायका ती बघायला आल्या होत्या. लॅपटॉपवर चित्र झकास चालू होतं. भिंतीवर मात्र नुसता काळा चौकोन आणि आवाज. पहिल्या रांगेतले पाहुणे म्हणाले, "लॅपटॉप इकडं फिरवा की, पुढच्यांना तरी दिसंल." फिल्म करणारी ताई म्हणाली, "पुढच्यांसाठी न्हाय केली, पावणं. थांबा जरा." व्हिडिओ फक्त मुख्य पडद्यावर उमटतोय आणि मुख्य पडदा लॅपटॉपचा आहे, हे तिने ताडलं. सेटिंगमध्ये जाऊन तिने भिंतीलाच मुख्य पडदा केलं आणि फिल्म पुन्हा लावली. काळा चौकोन लॅपटॉपवर आला, भिंत उजळली. मागच्या सतरंजीवरून एक मावशी स्वतःलाच भिंतीवर तावातावाने बोलताना बघून म्हणाली, "अगं, ही मीच की. मालकिणीसमोर कुठं जाती ही जीभ?" सगळा हॉल हसला. समतेवर मी पुढे पुष्कळ पत्रकं लिहिली. लिहायला बसलो की अजून ती ताई दिसते, स्वतःसमोरच्या लॅपटॉपवर काहीच दिसत नसताना मागच्या सतरंजीकडे बघत बसलेली.