पांदणमामा

मामांना मी कधी ताटावर पुरतं जेवताना पाहिलं नाही. अर्धी भाकर ताटात, अर्धी हातात, आणि स्वारी पांदणीवर! मामी ओरडायची, तर म्हणायचे, "मी जेवत राहीन अन् तिकडे कोनी काट्या टाकून वाट बंद करीन, मंग?" सख्खे ते कुणाचेच मामा नव्हते, अमरावतीतला आमचा सगळा पुरा, म्हणजे माळ्यांची वस्ती, त्यांना पांदणमामा म्हणायची.

ती पांदण म्हणजे पुऱ्यातून निघून आमराईतून मळ्यांकडे जाणारी वाट. आम्ही माळ्यांच्या बाया तिच्यावरूनच भाजीच्या टोपल्या आणायचो. सावलीत म्हातारे बसायचे, पोरी झोके घ्यायच्या. पण दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. माणसं वेडीपिशी झाली नुसती! दिसेल त्या मोकळ्या जागेत कापसाचे ढीग. एका अडत्यानं वखारीसाठी आमराईच मागितली. म्हणे, रिकामी पडली आहे. मामा भर बाजारात उखडले, "रिकामी कावून? अन् आमी काय भुतं आहो?"

प्रकरण कचेरीत गेलं. दिवाळीनंतर साहेब स्वतः पाहील, लोकांची वहिवाट दिसली तर जागा राहील, असं ठरलं. झालं, मामांच्या अंगात वारं शिरलं. पावसाच्या तोंडावर त्यांनी पांदणीच्या दोन्ही बाजूंना आंब्याची, कडुनिंबाची रोपं लावली, शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. "साहेबाले दिसलं पाह्यजे, ही जागा बिनवारशी नाही," म्हणायचे.

हेतू लाखाचा, पण तोंड! पोरींना हुसकलं, म्हाताऱ्यांना उठवलं. माझी टोपली एका रोपाला घासली, तर केवढ्यानं खेकसले, "डोये फुटले का वं तुये? लेकरावानी वाढवून राहिलो मी त्याईले!" रोज कोण ऐकून घेणार? एकेक करत आम्ही सगळ्याच मोठ्या रस्त्यानं, बैलबंड्यांच्या धुरळ्यातून जाऊ लागलो. मामांची बाग मामांना लखलाभ! पांदणीत गुडघाभर गवत माजलं. मामांना वाटलं, बाया शहाण्या झाल्या, रोपं जपतात.

साहेब आला तेव्हा आम्ही टोपल्या घेऊन रस्त्यावरूनच गंमत पाहत होतो. त्याच्या कारकुनानं विचारलं, "इथून कोण जातं?" मामांनी गवताकडे पाहिलं, काट्यांकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. चेहरा पार पडला. आणि एकदम ते वाकले, दोन्ही हातांनी त्या काट्या उपटू लागले. हात रक्तानं भरले. "या वं बायांनो! चाला इथून! रोपं तुडवली त तुडवली!" आम्ही धावलोच. किती रोपं पायाखाली गेली, मामांनी एकाकडेही पाहिलं नाही.

साहेबानं पांदण ठेवली, आमराई अडत्याला दिली. झाडं पडली, दोन्हीकडे वखारी उभ्या राहिल्या. मी हळहळले, तर मामा म्हणाले, "झाड पुन्हा लावता येते, पोरी. मानूस दुसऱ्या वाटेनं गेला, का त्याले आनता येत नाही."

पुढल्या उन्हाळ्यात पटकीनं मामाच गेले. दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन मी पांदणीनं निघाले. कुणी म्हणजे कुणी खेकसलं नाही. अर्ध्या वाटेत टोपली खाली ठेवली आणि ढसाढसा रडले.