गप्प केलेली ओळ

तपासणीत एकही चूक निघाली नाही की आम्ही चहा मागवायचो. रुबीना आपा मात्र खुर्ची पुढे ओढायच्या. "एवढं शांत काहून हाय?" म्हणायच्या आणि पडद्याकडे एकटक बघत बसायच्या.

आपा दारव्ह्याच्या, मेकॅनिकची मुलगी. यवतमाळच्या आमच्या छोट्या कंपनीत मोबाइल अ‍ॅपचा कोड आपोआप तपासणारा प्रोग्राम त्यांनीच बसवला होता. कुठली ओळ कच्ची, कुठे बिघाड दडपलेला, हे तो लाल अक्षरांत दाखवी. "बिमार इंजन आवाज करते," आपा म्हणायच्या. "आवाज बंद झाला तं मले भेव वाटते."

झरी जामणीच्या जंगलातल्या गावांसाठी आम्ही एक अ‍ॅप केलं होतं. गावातली आरोग्यसेविका आजाऱ्याची नोंद करी, ती तालुक्याच्या नर्सला दिसे. तपासणीत सगळं हिरवं होतं. तरी आपा म्हणाल्या, "चाल, गावात जाऊन पाहू."

भर दुपारी पोचलो. आपांच्या फोनवर नर्सला दिसते ती यादी होती. पहिलं नाव सोमीबाई. 'आज : तब्येत ठीक.'

"सोमीबाईचं घर कोणतं?" आपांनी सेविकेला विचारलं.

ती आमच्याकडे बघतच राहिली. "ते तं पोळ्याच्या आधीच गेली, बाई. ताप भरलता. मी रोज लिवून राह्यलती. फोन म्हणे, नोंद पोचली."

कुडापलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं. आपांनी यादी पुन्हा ताजी केली.

'आज : तब्येत ठीक.'

नेटवर्क नसलं की नवी नोंद पुढे जातच नव्हती, तरी फोन 'पोचली' म्हणे. जुनीच नोंद आजच्या तारखेने दिसत होती. कोडमधल्या ज्या ओळीमुळे हे होत होतं, ती तपासणीने पूर्वीच पकडली होती. 'ही ओळ तपासू नको' असं वर लिहून मीच तपासणीला गप्प केलं होतं. परतीच्या जीपमध्ये मी हे आपांना सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम केला. तपासणीला गप्प करायचं, तर तिथेच आपलं नाव आणि कारण लिहायचं.

"पह्यले तू लिही," त्या मला म्हणाल्या.

मी नाव लिहिलं. कारणाशी अडलो.

"खरं लिही."

'घाई होती,' मी लिहिलं.

ओळ त्याच दिवशी दुरुस्त केली. ते दोन शब्द आपांनी पुसू दिले नाहीत. पुढे त्या नागपूरला गेल्या. नवीन आलेले कधी कधी विचारतात, कशाची घाई होती? मी त्यांना झरीला घेऊन जातो.