सरांच्या खोलीतला सर्व्हर

आमचे ग्रंथपाल सर गेले त्या दिवशी आम्ही त्यांच्या खोलीला कुलूप लावलं. बीडच्या आमच्या ग्रंथालयाचा सर्व्हर त्याच खोलीत, त्यांच्या खुर्चीमागे असतो. ती रिकामी खुर्ची कुणालाच बघवेना. शिपायाने दार ओढून घेताना सवयीने दिव्याबरोबर एसीही बंद केला. सर्व्हर चालूच राहिला. वैशाखाचं ऊन होतं, आणि दहावा होईपर्यंत तिकडे कुणी फिरकलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी नेकनूरच्या एक आजी आल्या. त्यांचे मालक मेंढरं राखायचे. जनावरांचे आजार आणि त्यांवरचा झाडपाला त्यांनी तीन वह्यांत लिहून ठेवला होता. त्या वह्यांची पानं आता कडेने तुटत होती. सरांनी आजींना शब्द दिला होता की आपण या वह्या स्कॅन करून जपून ठेवू. दुसऱ्या दिवशी मालकांचं वर्षश्राद्ध होतं. वह्या फोटोपुढे मांडायच्या, म्हणून त्यांना पाचच्या एसटीने परतायचं होतं.

स्कॅन केलेलं पान आमच्याकडे थेट सर्व्हरवर जातं. एरवी क्षणाचं काम. त्या दिवशी एकेका पानाला दोन-दोन मिनिटं लागू लागली. मी वायर बदलून पाहिली. जुनी पानं उघडून पाहिली, तर ती पटकन उघडत होती. म्हणजे वाचणं ठीक होतं, अडत होतं ते लिहिणं.

"कावून थांबलंय माय?" आजींनी विचारलं.

"कळंना, आजी."

"मेंढरू असं उभं ऱ्हायलं की आमी आधी त्याचा कान धरून बघतो. गरम हाय का."

मी कुलूप काढलं. आतून भट्टीसारखी झळ आली. टेबलावर सरांचा चष्मा तसाच होता. सहाही डिस्कचे दिवे हिरवे होते, पण सर्व्हरच्या नोंदीत दोषाची ओळ सापडली: डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाची छोटी बॅटरी उष्णतेने निकामी झाली होती. हे कार्ड आलेलं पान आधी स्वतःच्या स्मृतीत घेतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. मध्येच वीज गेली तर ती बॅटरी स्मृतीतलं पान जपते. बॅटरीच गेल्यावर कार्डाने सावधपणे ती सोय बंद केली होती. प्रत्येक पान डिस्कवर पोचेपर्यंत ते थांबत होतं.

बॅटरी नसतानाही ती सोय चालू करता येते. एक खूण करायची, की वेग परत. तीन वह्या पाचच्या आत झाल्या असत्या. पण उन्हाळ्यात आमच्याकडे वीज केव्हाही जाते, आणि आमचा इन्व्हर्टर नावापुरता. मध्येच ती गेली असती तर झालेली पानं अर्धवट राहिली असती आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. बोट माऊसवर ठेवून मी बराच वेळ बसले. मग पडद्यावरची ती खिडकी बंद केली, एसी लावला आणि बाहेर येऊन आजींना सगळं सांगितलं. खोली का बंद होती, तेही.

"दहा दिवस कुलूप?" त्या म्हणाल्या. "माणूस गेल्यावर त्याची जागा अशी कोंडत्यात व्हय? तिथं दिवा लावत्यात. कुणीतरी बसून ऱ्हातं."

मी वहीचं पुढचं पान उलटलं.

"एवढ्या शिकलेल्या तुमी," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून भाकरी काढून अर्धी माझ्यापुढे सरकवली. "खा. मशीनीला करू द्या तिचं."

साडेचारला दोन वह्या पूर्ण झाल्या. वीज त्या दिवशी गेलीच नाही. तिसरी वही मी त्यांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी ती उघडली, मालकांच्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि मिटून परत दिली.

"फोटोपुढं दोन पुरं. ही ऱ्हाऊ द्या. पण कोंडू नका हिला."

त्यांना एसटीत बसवून मी परत आले. सरांची खुर्ची जरा बाजूला घेतली, टेबलावर जागा करून स्कॅनर आत आणला आणि दार उघडं ठेवून तिसऱ्या वहीचं पहिलं पान स्कॅनरवर ठेवलं.