माझ्या अण्णांना भावजय पाउलाने मिठी मारली

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, राग आलेला नाही. उलट दिवसभर ते खुशीत आहेत, असं मी नांदेडला घरी परतल्यावर आईने आत्ताच उदगीरहून फोनवर सांगितलं.

झालं असं. माझा धाकटा भाऊ त्याच्या ब्राझीलच्या बायकोला, पाउलाला, घेऊन आज सकाळी पहिल्यांदाच उदगीर स्टेशनवर उतरला. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन वाकते. पाउलाने सरळ अण्णांच्या गळ्यात हात टाकले आणि गालाला गाल लावला.

आम्ही सगळे गार. अण्णा आधी ताठ उभे होते. मग त्यांचा हात हळूच वर आला आणि तिची पाठ थोपटू लागला.

"का रं दादा, लाजलास व्हय?" आत्याने चिडवलं.

"त्यांच्याकडं असंच करत्यात. लई लांबून आलंय लेकरू," अण्णा म्हणाले.

"मीबी नांदेडहून आले की, अण्णा," मी म्हणाले.

"तुझं काय, तू घरचीच हायस."

सगळे हसले. मीही हसले, पण आतून जळत होते. मी पाया पडते, ते डोक्यावर हात ठेवतात, एवढाच आमचा स्पर्श. माझ्या पाठवणीला आई रडत होती, तेव्हा अण्णा गाडीत भांडी रचत होते. त्यांना पाठ थोपटता येते, हे मला चाळिशीत कळलं, तेही दुसरीची थोपटताना बघून.

तुमच्यापैकी कुणी मोठेपणी वडिलांना मिठी मारली आहे का? परवा अण्णा डोळे दाखवायला नांदेडला येणार आहेत आणि बसस्टँडवर त्यांना घ्यायला मी एकटीच जाणार आहे.