दुखणं बरं झाल्यावर उरणारं दुखणं

डॉ. विश्वंभर देवळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सोनारी गावच्या घरी, ओसरीवर. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. सोलापूरला अँजिओप्लास्टी झाली, आप्पा सुखरूप घरी आले आणि तिथून पुढं आम्हा सगळ्यांचे हाल सुरू झाले. काळभैरवाच्या देवळापाशी आप्पांचं नारळ-गुलालाचं दुकान होतं, ते दिरांनी ताब्यात घेतलं. आप्पांची खाट माजघरातून उचलून दाराशी आणली, म्हणजे भेटायला येणाऱ्यांना सोपं. आणि माणसं येत होती म्हणजे किती! बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा, 'आता कसं हाय?' विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता आपल्या ओळखीत कोण कसं गेलं ते सांगत बसायचं.

"आमच्या मेव्हण्याचं बी असंच झालं बगा. चांगला हिंडत-फिरत व्हता. जेवला, हात धुतला, टेकून बसला, ते बसलाच."

आप्पा ऐकायचे आणि चादरीखाली स्वतःची नाडी चाचपायचे. ज्या माणसाचा आवाज देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जायचा, तो माणूस पाणी मागतानाही खूण करायला लागला होता.

अशाच एका मैफलीत डॉक्टर आले. परंड्यात त्यांचा दवाखाना होता आणि हृदयाच्या प्रत्येक पेशंटच्या घरी एकदा तरी जायचंच, हा त्यांचा शिरस्ता. दवाखान्यात पेशंट शहाण्यासारखं बोलतो. घरात त्याची खाट कुठं टाकली आहे ते बघितलं की खरं कळतं, असं ते म्हणत. त्यांनी आप्पांना तपासलं, सोलापूरचे कागद पाहिले आणि मी चहाला उठले तशी मला थांबवलं.

"चहा आज आप्पा करतील."

सासूबाई हबकल्या. "अवो डॉक्टर, ह्यांनी जल्मात कप इसळला न्हाय!"

"मग आज इसळतील. तुमची तब्येत बघायला आलेल्यांना तुम्हीच चहा द्यायचा, आप्पा. रोज."

आप्पा भिंत धरून उठले. चहात पत्ती कमी आणि साखर बेसुमार पडली, तरी आलेल्यांनी तो निमूटपणे घेतला. आजारी माणसाच्या हातचा चहा पिताना कुणाच्या मेव्हण्याची गोष्ट निघेना. आठवड्याभरात ओसरी बरीच रिकामी झाली. पुढं आप्पा रोज थोडा वेळ, मग अर्धा दिवस, मग पूर्वीसारखे दुकानात बसू लागले आणि त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांशी भांडणं केली.

त्या दिवशी निघताना डॉक्टरांनी मला विचारलं, "सुनंदाताई, तुम्ही काय शिकलात?" समाजकार्याची पदवी घेऊन मी घरी बसले होते. "घरी बसण्याचा आजार तुम्हालाही झालाय तर," असं म्हणून त्यांनी मला गुरुवारी दवाखान्यात बोलावलं. मी गेले ती त्यांच्याबरोबर काम करतच राहिले.

दर गुरुवारी दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत हृदयरोग्यांची बैठक भरायची. कुर्डुवाडीची गाडी गाठणाऱ्यांना आधी बोलू द्यायचं, एवढाच काय तो नियम. डॉक्टर आधी प्रत्येकाला नीट तपासत, किती चालायचं आणि काय उचलायचं नाही ते सांगत आणि मग औषधाचं सोडून भलतंच विचारत. सकाळी उठल्यावर काय केलं? रानात गेलात का? नातवावर ओरडलात का? जो म्हणे, 'काहीच करावंसं वाटत न्हाय,' त्याला ते आळशी ठरवत नसत. हृदयाला धक्का बसला की मनालाही बसतो. झोप उडते, रडू येतं, मरणाची धास्ती लागते आणि हाही दुखण्याचाच भाग आहे, हे त्यांनी आमच्या भागातल्या माणसांना त्यांच्याच भाषेत समजावलं. ज्यांना मानसोपचाराची गरज होती त्यांना सोलापूरला पाठवलं आणि 'आमचा माणूस येडा हाय व्हय?' म्हणून भांडायला आलेल्या भावकीची समजूतही काढली.

बायकांची गोष्ट उलटी होती. आमच्याकडं पुरुषाला दुखणं झालं की त्याचं काम काढून घेतात आणि बाईला झालं की तिला पुन्हा कामाला लावतात. परंड्याजवळच्या वस्तीवरची एक सून हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर लगेच चुलीपुढं बसलेली डॉक्टरांना दिसली. तिला दम लागत होता आणि कारण नसताना डोळ्यांतून पाणी येत होतं. घरच्यांच्या मते ती सोंगं करत होती. डॉक्टरांनी तिला दुपारची विश्रांती सांगितली, तशी सासू उसळली, "मग भाकरी काय डॉक्टर थापनार व्हय?"

"थापेन की," म्हणत डॉक्टर बाह्या सरसावून परातीपाशी बसले आणि त्यांनी सुनेच्या नवऱ्यालाही शेजारी बसवलं. दोघांच्या भाकरी बघून सासूच हसत सुटली. सुनेला विश्रांती मिळाली.

असं कितीतरी लिहिता येईल. पण डॉक्टरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख लिहिते आहे असं सांगायला मी गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लिहायचंच असेल तर मास्तरांचं लिहा. नाहीतर लिहू नका." गौरवग्रंथात हे कसं बसवायचं, ते मला अजून कळलेलं नाही. तरी त्यांचा शब्द मोडवत नाही.

मास्तर म्हणजे माकणी गावचे निवृत्त क्रीडाशिक्षक. काही वर्षांपूर्वी झटका येऊन गेल्यावर परंड्याला लेकीकडं राहायला आले आणि बैठकीला येऊ लागले. उंचपुरे, एकेकाळी कबड्डीचं मैदान गाजवलेले. त्यांच्या सगळ्या तपासण्या चांगल्या होत्या, पण गुरुवारी लेक दवाखान्यात आणायची तेवढं सोडलं, तर ते तिच्या अंगणाबाहेर पाऊल टाकत नसत. त्या गुरुवारी डॉक्टर सकाळपासून थकलेले होते. मास्तरांनी पुन्हा 'जमलं न्हाय' म्हटलं आणि डॉक्टर सगळ्यांदेखत बोलून गेले, "अहो मास्तर, जन्मभर पोरांना पळवलंत आणि आता तुम्हाला कोपऱ्यापर्यंत चालवत नाही? हृदय ठणठणीत आहे तुमचं. तुम्हीच मनावर घेत नाही."

खोलीत हशा पिकला. मास्तरही हसले. नंतर मी डॉक्टरांना म्हटलं, "मास्तर लई गप झाले आज." ते म्हणाले, "येतील पुढच्या गुरुवारी." मास्तर आले नाहीत. ते माकणीला परत गेल्याचं पुढं लेकीकडून कळलं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनाच झटका आला. पुण्याला बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टर परंड्याला परतले आणि घरात बसले. मुलानं काळजीपोटी दवाखान्याला कुलूप लावलं, याचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की डॉक्टरांनी किल्ली मागितली नाही. गुरुवारची बैठक बंद पडली. ती चालवायला तालुक्यातला दुसरा कुणी डॉक्टर पुढं आला नाही आणि एकटीनं चालवणं मला झेपलं नाही. हळहळ वाटते. किती माणसं पुन्हा दाराजवळच्या खाटेवर गेली असतील!

मी भेटायला गेले तर ते खिडकीकडं तोंड करून बसलेले. पेपर शेजारी, न उघडलेला. त्यांच्या पत्नी मालतीबाई आतून म्हणाल्या, "दिवसभर असेच बसतात हो." मी काही विचारण्याआधीच डॉक्टर बोलू लागले.

"भीती वाटते, सुनंदाताई. मला सगळं ठाऊक आहे आणि तरी वाटते. मी लोकांना सांगत होतो ते खोटं नव्हतं. पण ते किती अवघड असतं, हे मला माहीत नव्हतं. मास्तरांना मी हसण्यावारी नेलं. ते तेव्हा इथंच होते, जिथं आज मी आहे."

एवढं बोलून ते रडले. ज्यांच्या खोलीत मी इतक्या माणसांना मोकळेपणानं रडताना पाहिलं, त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मालतीबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर आहेत ना अजून? मग इथं बसून काय पश्चात्ताप करताय? जाऊन भेटा."

महिन्याभरापूर्वी आम्ही तिघं गाडी करून माकणीला गेलो. आजारपणानंतर घराबाहेर पडण्याची डॉक्टरांची ही पहिलीच वेळ. वाटेत तीनदा म्हणाले, परत फिरू या. मालतीबाईंनी ऐकलं नाही. मास्तर अंगणात खुर्चीवर होते, खूप वाळलेले. डॉक्टरांना बघून उठले नाहीत.

"आता का आलाव, डॉक्टर?"

"चुकलं माझं, मास्तर. चारचौघांत तुम्हाला बोललो."

 मास्तरांचं सगळं गेलं होतं. सकाळचं फिरणं, मैदानावर जाऊन बसणं, चावडीवरच्या गप्पा. एवढ्या वर्षांचा दोष डॉक्टरांच्या एका वाक्यावर टाकता येणार नाही, पण ती वर्षं त्या वाक्यापासून वेगळीही करता येणार नाहीत. मग त्यांनी डॉक्टरांच्या शर्टाच्या वरच्या बटनाशी डोकावणारा ऑपरेशनचा व्रण पाहिला.

"तुमचं बी झालं व्हय?"

"झालं."

मास्तरांनी आमच्याकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "एक इचारू? न्हाताना आतून कडी लावता का?"

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही लावत. आत काही झालं तर दार कोण उघडणार, असं वाटतं."

"म्या बी न्हाय लावत," मास्तर म्हणाले. "कुनाला सांगितलं न्हाय आजवर." आणि त्यांनी शेजारची खुर्ची पुढं ओढली.

आम्ही दोघी आत घरात गेलो. अंगणात दोन म्हातारी माणसं कितीतरी वेळ बोलत होती. काय बोलली ते मी विचारलं नाही. परतताना डॉक्टर थकले होते, पण परत फिरू या असं त्यांनी म्हटलं नाही. मास्तरांनी त्यांना पुन्हा यायला सांगितलं आहे.

अमृतमहोत्सवाच्या या दिवशी सगळे डॉक्टरांना दीर्घायुष्य चिंततील. मीही चिंतते, मनापासून. पण त्यांचं आयुष्य नुसतं लांबावं एवढ्यावर माझं समाधान नाही. डॉक्टरसाहेब, तुमची प्रकृती उत्तम राहो, माकणीच्या तुमच्या फेऱ्या वाढोत, आणि लवकरच एके सकाळी परंड्यात तुम्ही आणि माकणीत मास्तर, आतून कडी लावून, बाहेरच्यांनी हाका मारमारून कंटाळावं इतका वेळ, निवांत आंघोळ करत राहा.