पार्सलची दोरी

सतीशला — म्हणजे माझ्या नवऱ्याला — यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. आईजवळ नाही, मैत्रिणींजवळ नाही. आता तुम्हाला सांगायला बसलेय, तर आधी उठून चहा करावा असं वाटतंय. बघा, अजूनही टाळतेच आहे मी.

मी अलिबागची. हो, त्याच अलिबागहून आलेय — हसून घ्या. दोन हजार तीनच्या सुमारास सतीशला अमेरिकेत, रेडमंडला नोकरी लागली. आमच्या ओळखीची सगळी मराठी मंडळी जवळच्या बॉथेलला राहायची, पण मी समुद्राकाठी राहायचा हट्ट धरला. तिथून तास-सव्वा तास दूर मच्छीमारांचं एक छोटं गाव होतं. सतीश रोज पावसात ड्राइव्ह करायचा आणि रोज कुरकुरायचा. घरमालक वॉल्टर खाली राहायचे, आम्ही वर. त्यांची बायको गेलेली, वय सत्तरीच्या पुढे, सगळा जन्म खेकडे पकडण्यात गेलेला. मी त्यांना काका म्हणायचे. गावात कुणी विचारलं तर ते ऐटीत सांगायचे, "आय ॲम काका."

काकांनीच मला खेकड्यांचा पिंजरा दिला. त्याचं दार सुती दोरीने बांधायचं, असा सरकारी नियम. का? तर पिंजरा समुद्रात हरवला, तर ती दोरी काही आठवड्यांत कुजते, दार उघडतं आणि आतले खेकडे सुटतात. नायलॉन असेल तर? पिंजरा तळाशी बसून खेकडे मारतच राहतो. खाणारं कुणी नाही, नुसतंच मरण. गावातल्या कितीतरी जणांना हा नियम जाच वाटायचा. मासेमारी खातं सारखी खेकडे पकडायला खाडी बंद करायची भाषा करायचं, आणि काका प्रत्येक सभेत उठून सांगायचे — बंद करू नका, आम्ही नियम पाळू, आमच्यावर आम्हीच लक्ष ठेवू. त्यांच्या शब्दावर खातं थांबलं होतं. त्या शब्दावर गावातल्या चार-पाच घरांची चूल पेटत होती.

आणि मी काय केलं?

त्या उन्हाळ्यात मी बॉथेलच्या मंडळींना खेकड्याच्या रश्श्याला बोलावलं. आदल्या खेपेला माझी सुती दोरी तुटली होती, पिंजरा रिकामा वर आला होता आणि पाहुण्यांनी फ्रोझन कोळंबी खाल्ली होती. "अलिबागची असून खेकडा मिळेना यार," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. पण झोंबलं ते. म्हणून या खेपेला — सांगते — मी आईच्या पार्सलची दोरी घेतली. पापड-कुरडयांच्या खोक्याला बांधलेली, गुलाबी-पांढरी, नायलॉनची. तिने दार बांधलं. एका रात्रीचा तर प्रश्न, म्हटलं. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयावर काकांचं नाव होतं. "तुझं नाव लिही," असं ते मला बजावून गेले होते. मला रंगाचा डबा उघडायचा कंटाळा.

सकाळी पिंजरा जागेवर नव्हता. पाण्याच्या ओढीने खोलात सरकला असणार, बोयासकट गडप. मी काकांना सांगितलं, पिंजरा हरवला. ते म्हणाले, जाऊ दे, दार आपोआप उघडेल. मी मान डोलावली. तेव्हाच बोलले असते, तर गळ टाकून तो शोधता आला असता. पण कशी बोलणार? त्यांच्याच पिंजऱ्याला मी नायलॉन बांधलं होतं!

पुढच्या वर्षी खात्याने हरवलेले पिंजरे काढायला पाणबुडे लावले. सभेच्या दिवशी ते पिंजरे धक्क्यावर मांडून ठेवले होते. काकांचं नाव असलेला बोया मी लांबूनच ओळखला. पिंजऱ्यात कवचांचा खच पडला होता. त्यावर दोन जिवंत खेकडे, निम्मे पाय गेलेले. दाराची दोरी जशीच्या तशी होती.

बोयावरचं नाव वाचूनही विश्वास न बसल्यासारखं खात्याच्या बाईंनी विचारलं, हा खरंच कुणाचा? दोरीचं मी फक्त सतीशला सांगितलं होतं; तो माझ्या कानाशी पुटपुटला, "काही बोलू नकोस हं. ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे. उगाच रिस्क कशाला?" एवढ्या गोष्टीवरून ग्रीन कार्ड अडतं का? आम्हाला माहीत नव्हतं. खरं सांगू — मला माहीत करून घ्यायचंच नव्हतं. गप्प राहायला कारण मिळालं म्हणून मला सुटल्यासारखं झालं.

आता उरलेलं अर्धं.

काका वाकले. त्यांनी ती दोरी बोटांत धरली. दिवाळीला मी त्यांना लाडवांचा डबा दिला होता, तो याच दोरीच्या दुसऱ्या तुकड्याने बांधून. त्यांनी ती टाकली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ते तिने बांधून ठेवायचे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि मी? मी समुद्राकडे बघितलं — अलिबागहून आल्यासारखी.

"माझा आहे," काका म्हणाले.

त्या सभेत कुणीतरी मोठ्याने बोललं की राखणारेच असे, तर बाकीच्यांचं काय. काका खाली बसले, ते पुन्हा बोलायला उठले नाहीत. पुढचे दोन हंगाम खाडी बंद राहिली. शेजारच्या डेनिसने बोट विकली आणि बायकोमुलांना घेऊन तो गाव सोडून गेला. खाडी कदाचित तशीही बंद झाली असती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण काकांचा शब्द तसाही गेला असता का?

पुढे ग्रीन कार्ड आलं. मी शिरा केला आणि वाटी घेऊन खाली गेले. आता कसली भीती होती? कसलीच नाही. काकांनी शिरा खाल्ला, मनापासून अभिनंदन केलं. खिडकीचा पडदा मोकळा सोडलेला होता. मी रिकामी वाटी घेऊन वर आले. मला त्या सभेपेक्षा या वाटीची जास्त लाज वाटते.

मग आम्ही टेक्ससला, अर्विंगला आलो. काका गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर कळवलं. वडील तुमची फार आठवण काढायचे, म्हणाली. सतीश म्हणाला, चांगला माणूस होता. मी हो म्हटलं.

दोरी मी बांधली होती.